घरचे ध्वनिमुद्रण आणि ब्लूज : तारा आधी, पेडल नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीतप्रकारातले एखादे गाणे घरी गिटारवर वाजवायचे, मोबाइलवर किंवा संगणकावर मुद्रित करायचे आणि चार ओळखीच्यांना ऐकवायचे, हा छंद आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पणजी, सगळीकडे मुले-मुली मनापासून वाजवत आहेत. त्यांच्या चित्रफितींसोबत उपकरणांची यादी हमखास असते : गिटार कुठली, पेडल (आवाज बदलणारी पायपेटी) कुठले, अ‍ॅम्प कुठला. तारा किती जाड, किती जुन्या, फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) किती उंच, मुद्रणाची पातळी किती ठेवली, हे कुणी लिहीत नाही. ऐकताना कान अडतो तो मात्र जवळपास दर वेळी या न लिहिलेल्या गोष्टींपाशी. गिटारवर आणखी पैसे घालण्याआधी या गोष्टी नीट कराव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

उदाहरणाला एकच गाणे घेतो, कारण घरी वाजवणाऱ्यांत ते फार लाडके आहे : ‘टेक्सास फ्लड’. अमेरिकी गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांनी ते नोव्हेंबर १९८२मध्ये लॉस एंजेलिसला मुद्रित केले आणि १९८३च्या त्याच नावाच्या अल्बममुळे ते जगभर पोचले. गाणे त्यांचे नाही. लॅरी डेव्हिस यांनी ते १९५८ साली गायले होते आणि त्या मूळ मुद्रिकेत गिटार फेंटन रॉबिन्सन यांची आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. कुठला तुकडा मूळचा आणि कुठला व्हॉन यांनी घातलेला, हे कळले की कशाची नक्कल करायची आणि कुठे स्वतःचे वाजवायचे, याचा निर्णय सोपा होतो.

व्हॉन गिटार अर्धा स्वर उतरवून लावत. बोटे ‘जी’ (G) स्वराच्या जागी पडतात, ऐकू येतो जी फ्लॅट. नेहमीच्या मेळात लावलेली गिटार घेऊन मूळ गाण्यासोबत वाजवायला बसले की अर्ध्या स्वराचा बेसूर लागतो, मग कुणी संगणकात सगळ्या ट्रॅकची पट्टी सरकवते. असे करू नये. मींड (तार आडवी ओढून सूर चढवणे) ओढलेल्या आणि फाटलेल्या सुरांवर पट्टी सरकवण्याची प्रक्रिया चालवली की आवाजाला पत्र्यासारखी किनार येते. सहाही तारा खरोखर अर्धा स्वर उतरवाव्यात. ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संचातली पहिली तार बोटाला साडेनऊच्या तारेसारखी लागते आणि मींड सहज निघते. व्हॉन १३ च्या जाड तारा लावत, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण ती जाडी त्या हाताची होती आणि गिटार उतरवलेली होती. मनगट तयार नसताना १३ च्या तारा चढवल्या की मींड अपुरी राहते, आणि अपुरी मींड कुठल्याही यंत्राने पुरी होत नाही.

मींडेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरच्या मुद्रणात सगळ्यात जास्त तीच बिघडलेली असते. आपल्या वाचकांना हे सरगमीतून चटकन समजेल. जी हा षड्ज धरला तर तिसऱ्या फ्रेटजवळच्या नेहमीच्या ठेवणीत सा, कोमल ग, म, प, कोमल नी एवढेच पाच सूर आहेत, म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर. मागे वाजणाऱ्या जी सेव्हन या कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) मात्र शुद्ध ग आणि कोमल नी असतो. वर कोमल ग आणि खाली शुद्ध ग, या दोघांच्या झटापटीतून ब्लूजचा तो ओळखीचा सूर निघतो. म्हणून पहिल्या तारेवरचा सहाव्या फ्रेटचा किंवा तिसऱ्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा कोमल ग किंचित वर ढकलायचा, शुद्ध ग पर्यंत न नेता मध्येच सोडायचा. पण कॉर्ड बदलून सी सेव्हन आली की हेच ढकलणे थांबवावे लागते, कारण त्या कॉर्डचा सातवा सूर म्हणजेच हा कोमल ग. तिथे तो जसाच्या तसा, स्वच्छ लागायला हवा. ब्लूजच्या बारा मात्राखंडांच्या आवर्तनात पाचव्या आणि सहाव्या खंडात सूर आंबट का लागतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

पूर्ण मींडही पारखून घ्यावी. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला मध्यम आहे. तो ओढून पंचमापर्यंत न्यायचा. तोच पंचम दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला तयार मिळतो. आधी तो छेडावा, मग ओढून त्याला जुळवावे. तसेच दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटचा कोमल निषाद ओढला की पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा षड्ज मिळायला हवा. ओढताना अनामिकेच्या मागे मधले बोट आणि तर्जनी त्याच तारेवर टेकलेली असावीत, अंगठा मानेवरून वर आलेला असावा, आणि जोर बोटांचा नसावा, मनगट फिरवून तार वर जावी. ट्यूनर लावून आठवडाभर एवढेच केले तरी मुद्रणातला फरक घरच्यांनाही कळतो.

लयीचे तेवढेच महत्त्व. हा विलंबित ब्लूज आहे. खंडाला चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेत तीन भाग, आपल्या भाषेत तिस्र जाती. संगणकातला तयार ड्रम लूप सरळ चतुस्र निवडला की वरचे वादन कितीही चांगले असो, गाणे चालत नाही, फरफटते. लूप निवडताना बारा-आठ (१२/८) असे लिहिलेलाच घ्यावा. मेट्रोनोमचा ठोका पहिल्या मात्रेवर न ठेवता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कल्पून वाजवण्याचा सराव करावा, कारण स्नेअर तिथेच पडतो. साथीचा तयार ट्रॅक उतरवून घेण्यापेक्षा स्वतः मुद्रित केलेली साधी कॉर्डची साथ आणि बासचे चार सूर बरे. तयार ट्रॅकवर आधीच इतकी घुमवट चढवलेली असते की वर वाजवलेली गिटार वेगळ्या खोलीतली वाटते.

आता वाद्याकडे वळतो. तारा गंजल्या की त्यांचा वरचा आवाज जातो आणि सूरही जातो, कारण जुनी तार सर्वत्र सारखी जाड राहत नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर घामट हातांखाली साधी निकेलची तार दोन-तीन आठवड्यांत काळवंडते. वाजवून झाले की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी, आणि गिटार खोळीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. विदर्भात आणि मराठवाड्यात उलट त्रास होतो. एप्रिल-मेमध्ये फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके बाजूने बोटाला टोचू लागतात. अशा वेळी गिटार कूलरसमोर ठेवणे घातक, कारण दिवसभर ओलावा आणि रात्री पुन्हा कोरडी हवा यात मान वाकते. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर लाकूड शांत असते. साधा आर्द्रतामापक भिंतीवर असावा.

नवीन तार चढवताना खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. जास्त वेढे घातले की प्रत्येक मींडेनंतर ते आवळत राहतात आणि तार उतरते. तार लावल्यावर बोटाने हलके ओढून ताणावी, पुन्हा सुरात आणावी, असे चार-पाच वेळा. सूर नेहमी खालून वर चढवत आणावा. चढलेला सूर नुसता खाली आणला की खुंटीच्या दात्यांत सैलपणा राहतो आणि पहिल्याच मींडेला तार घसरते. खुंटी फिरवताना टिंग असा आवाज आला तर तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे असे समजावे. खाचेत मऊ शिशाच्या पेन्सिलीने चार रेघा ओढल्या की ती सरकू लागते. सूर टिकत नाही म्हणून खुंट्यांचा संच बदलणाऱ्यांनी आधी हे करून पाहावे.

मानेचा बाक तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहावी. ती पाव मि.मी.च्या आसपास हवी. ही फट मोजायला दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगला वापरतात तो फीलर गेज उत्तम चालतो, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. बाक जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली धातूची कांडी) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एका वेळी पाव फेराच फिरवावा, पुन्हा सुरात आणावे, पुन्हा मोजावे. रॉड अडला तर जोर लावू नये, जाणत्या कारागिराकडे न्यावे. त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर सुमारे १.६ मि.मी. ही फेंडर पद्धतीच्या गिटारची चांगली सुरुवात आहे. फ्रेटबोर्डची गोलाई जुन्या सव्वासात इंचांची असेल तर एवढ्या कमी उंचीवर बाराव्या फ्रेटच्या पुढे मींड ओढताना सूर मध्येच गुदमरतो, कारण तार पुढच्या फ्रेटला टेकते. अशा गिटारवर २ मि.मी. ठेवावे. कित्येक जण हा दोष अ‍ॅम्पला किंवा पिकअपला (तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाला) चिकटवतात.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे न्यावे, उतरलेला आला तर पुढे. हे नव्या तारांवरच करावे. फेंडरच्या स्ट्रॅटसारखा तरंगता ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा धरणारा भाग) असेल तर आणखी एक पाहावे लागते : एक तार ओढली की ब्रिज किंचित उचलला जातो आणि बाकीच्या तारा उतरतात. दोन तारा एकत्र वाजवून त्यातली एक ओढायची असेल, आणि ब्लूजमध्ये ते पावलोपावली येते, तर सूर बिघडतो. मागे पाच स्प्रिंगा लावून ब्रिज अंगाला टेकवून टाकला की हा प्रश्न संपतो. पिकअपही तारांच्या फार जवळ नको. स्ट्रॅटच्या जाड तारांखाली चुंबक फार वर आला तर तो तारेलाच ओढतो आणि एका सुरात दोन सूर लहरत असल्यासारखे ऐकू येते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला सुमारे २.४ आणि बारीक बाजूला २ मि.मी. अंतर ठेवावे.

एवढे झाले की विजेचा विषय येतो, आणि इथे मी आग्रहाने लिहितो, कारण प्रश्न केवळ आवाजाचा नाही. सिंगल कॉइल पिकअपला गुणगुण असतेच. पिकअप निवडायच्या बटणाच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर ती कमी होते, कारण बहुतेक आजच्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. तारांना हात लावला की गुणगुण कमी झाली तर गिटारचे आतले वायरिंग जसे असायला हवे तसे आहे. त्याउलट तारांना किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावताच बारीक झिणझिण्या आल्या, तर घराचे अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवावे. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनी सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलेच नसते. दोन पिनी चार्जरवर चालणारा लॅपटॉप हे गुणगुणीचे फार नेहमीचे कारण आहे. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे, बहुतेक वेळा निम्मा आवाज तिथेच जातो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी दिवे, चौकोनी लहरींचा घरगुती इन्व्हर्टर हे सगळे पिकअपमध्ये घुसतात. बंद करता येतील ते बंद करावेत आणि खुर्ची हळूहळू फिरवून पाहावी. एका दिशेला आवाज सगळ्यात कमी होतो, तिथे तोंड करून वाजवावे. गुणगुण घालवायला अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. हा उपाय माहीतगार म्हणवणारेही सुचवतात, आणि त्याने जीव जाऊ शकतो.

अमेरिकेतले नातेवाईक येताना अ‍ॅम्प आणतात, त्याबद्दलही. तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो लावला की फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. मागे व्होल्टेज बदलण्याचे बटण नसेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा असावा, आणि त्यात अर्थिंग पुढे जोडलेले असावे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची, म्हणून अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा अधिक तापतो. मागे हवा खेळती ठेवावी. ट्यूबचा अ‍ॅम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, त्यामुळे घरी उघडू नये. पेडलचे बहुतेक अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचे आणि आतली पिन ऋण असलेले असतात. बाजारातले सर्वोपयोगी अडॅप्टर अनेकदा उलटे असतात. पेडलवरचे चिन्ह आणि अडॅप्टरवरचे चिन्ह जुळल्याशिवाय लावू नयेत.

मुद्रणासाठी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी) हवाच. मोबाइलच्या मायक्रोफोनमधून घेतलेल्या आवाजाचा घात फोनचे स्वयंचलित पातळी-नियंत्रण करते. हळू वाजवलेला तुकडा ते वर उचलते, जोरात वाजवलेला दाबते, आणि दोन तुकड्यांमधल्या शांततेत पंख्याचा घरघराट फुगवून आणते. ब्लूजचा जीव लहान-मोठ्या आवाजातच असतो. मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना प्रत्यक्ष ऐकलेल्यांना ते कुजबुजीएवढ्या आवाजावरून एकदम कसे उसळतात ते आठवत असेल. फोन ते सगळे एका पातळीवर आणून ठेवतो. चित्र फोनवर घ्यावे, आवाज इंटरफेसमधून.

इंटरफेसवर गिटार वाद्याच्या इनपुटमध्येच लावावी, बटण असेल तर वाद्याकडे करावे. लाइन इनपुटला लावली की वरचे सूर मरतात, कारण पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा भार लागतो आणि लाइन इनपुट १० हजारांच्या घरातला असतो. ४८ व्होल्टचे बटण बंद असावे, ते कंडेन्सर मायक्रोफोनसाठी असते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवावे, चित्रफितीचा आवाज याच मापाचा असतो. पातळी लावताना हलके न वाजवता गाण्यातला सगळ्यात जोराचा आघात वाजवावा आणि तो उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बटण ठेवावे. शून्याला टेकलेला डिजिटल आवाज कायमचा फाटतो. तो फाटणे ट्यूबच्या फाटण्यासारखे नसते आणि नंतर काढताही येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

ऐकायला वायरचे, कान झाकणारे हेडफोन घ्यावेत. ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो आणि वाजवणारा नकळत ओढला जातो. संगणकात बफर (आवाज पुढे देण्याआधी साठवण्याचे माप) १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेचा उशीर २.७ मिलिसेकंदांचा. आत-बाहेर मिळून सगळे साधारण दहाच्या आसपास येते, म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटर लांब उभे राहून वाजवल्याएवढे. ते चालते. ५१२ वर चालत नाही. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्याचाच एसिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाकावा. संगणक अडखळू लागला तर मुद्रण होईपर्यंत बाकीचे ट्रॅक गोठवून ठेवावेत.

आवाज नेहमी कोरडा मुद्रित करावा, अ‍ॅम्पचे सॉफ्टवेअर नुसते ऐकण्यापुरते वर असावे. मग वादन चांगले उतरले आणि अ‍ॅम्प चुकला, तर वादन तेच ठेवून अ‍ॅम्प बदलता येतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त आणि फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. फक्त त्याच्या पुढे स्पीकरच्या पेटीचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, पेटीच्या आवाजाची नोंद असलेली फाइल) जोडायला विसरू नये. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसे काही वाजवत नाही. तो मध्ये नसेल तर फाटलेला आवाज माशी गुणगुणल्यासारखा येतो, आणि मग लोक ट्रेबल कमी करत बसतात. त्यात चालवायची बरीच मॉडेले अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्ही मिळून घेतलेली असतात, त्यांना वर आणखी आयआर लावला की आवाज दाटून गुदमरतो. मॉडेल उतरवताना वर्णन वाचावे. मॉडेल किती फाटेल हे आत येणाऱ्या पातळीवरही ठरते, म्हणून इंटरफेसचे बटण एकदा लावले की त्याची खूण करून ठेवावी.

आता पेडल. या गाण्यासाठी सगळे हिरव्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या मागे धावतात आणि ड्राइव्हचे बटण पूर्ण फिरवतात. ते पेडल त्यासाठी बनलेलेच नाही. ते साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बास कमी करते आणि मधले सूर पुढे आणते. ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल जास्त, टोन मध्यावर ठेवून आधीच फाटण्याच्या काठावर असलेल्या ट्यूब अ‍ॅम्पच्या तोंडात ढकलले की त्याचे काम दिसते. पूर्ण स्वच्छ, छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये त्याच पेडलचा आवाज नाकातून बोलल्यासारखा येतो. तो पेडलचा दोष नव्हे. मॉडेलरमध्येही तसेच : आधी मॉडेल काठावर आणावे, मग पेडल. गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. ताल देताना ७ वर, तान घेताना १० वर. ७ वर वरचे सूर जात असतील तर बटणाच्या आवाज आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये एक नॅनोफॅराडचा कपॅसिटर आणि दीडशे किलोओहमचा रेझिस्टर समांतर सोल्डर करता येतो, पन्नास रुपयांतही होतो. केबल तीन-चार मीटरची पुरते. लांब केबल स्वतःच कपॅसिटर होऊन वरचे सूर खाते.

खरा अ‍ॅम्प आणि मायक्रोफोन असेल तर थोडक्यात : डायनॅमिक मायक्रोफोन जाळीपासून एक-दोन इंच, स्पीकरच्या मधल्या टोपीची कड जिथे कागदाला मिळते तिथे रोखावा. मध्याकडे सरकवला की आवाज धारदार, बाहेर सरकवला की मऊ. एकेक सेंटिमीटर सरकवून ऐकावे, इक्वलायझर नंतर. अ‍ॅम्प फरशीवर न ठेवता स्टुलावर ठेवावा. खोलीत टाळी वाजवून पाहावी. मागून टणटणाट आला तर समोरच्या भिंतीवर गोधडी टांगावी आणि कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे. नकली एसएम५७ (या कामाचा नेहमीचा डायनॅमिक मायक्रोफोन) बाजारात भरपूर आहेत, माहितीच्या दुकानातून बिलासह घ्यावा.

मिसळताना गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग काढावा, तिथे बास आणि ड्रमला जागा लागते. घुमवट स्प्रिंग किंवा प्लेट पद्धतीची, २० ते ३० मिलिसेकंद उशिरा सुरू होणारी असावी, म्हणजे आघात कोरडा आणि पुढे राहतो. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (ऐकू येणाऱ्या जोराचे माप) मोठा आवाज स्वतःच खाली आणते, त्यामुळे लिमिटरने आवाज ठेचून काहीच मिळत नाही, चढउतार तेवढे जातात. फोनवरचे चित्र आणि इंटरफेसवरचा आवाज जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. फोनचे चित्र बदलत्या गतीने घेतलेले असते, म्हणून पाच मिनिटांच्या गाण्यात शेवटी बोटे आणि सूर सुटलेले दिसतात. संकलनाआधी चित्र स्थिर गतीच्या फाइलीत बदलून घ्यावे.

शेवटी श्रेयाबद्दल, आणि हे मला उपकरणांइतकेच महत्त्वाचे वाटते. कित्येक ठिकाणी ‘टेक्सास फ्लड’चे रचनाकार म्हणून स्टीव्ही रे व्हॉन यांचेच नाव घातलेले दिसते. अल्बमवर श्रेय लॅरी डेव्हिस आणि जोसेफ स्कॉट यांना आहे. ब्लूजच्या इतिहासात ही चूक किरकोळ नाही. शिकागोचे थोर रचनाकार विली डिक्सन यांच्या शब्दांवरून ‘होल लोटा लव्ह’ या गाण्यासाठी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडवर १९८५ साली दावा दाखल झाला आणि १९८७ साली तडजोड होऊन त्यांचे देणे त्यांना मिळाले. तोवर जगभरच्या गिटारवादकांनी ते गाणे दुसऱ्यांचे समजून वाजवले होते. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, तेव्हा घरी वाजवलेल्या गाण्यावर व्हिडिओ संकेतस्थळाने हक्कदाराचा दावा लावला तर त्यात राग मानण्यासारखे काही नाही.

आपल्या पुरवण्यांत मोबाइलची आणि गाड्यांची बारकाईने चिकित्सा येते. वाद्यांची आणि घरच्या ध्वनिमुद्रणाचीही यावी, अशी विनंती आहे. आणि वाजवणाऱ्यांना एक : पुढच्या वेळी गाणे पाठवाल तेव्हा सोबत एवढे लिहा. मूळ गाणे लॅरी डेव्हिस, १९५८, गिटार फेंटन रॉबिन्सन. वाजवण्याची ढब स्टीव्ही रे व्हॉन यांची, १९८३. तारा १० ते ४६, आठ दिवसांच्या, अर्धा स्वर उतरवलेल्या. सतराव्या फ्रेटवर उंची १.६ मि.मी. कोरडे मुद्रण, सर्वांत मोठा आघात उणे ११ डेसिबल. पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. पेडलचे नाव त्यानंतर.

आपला विश्वासू,
गिटारदुरुस्ती आणि ध्वनिमुद्रण करणारा एक वाचक, ठाणे